परस्पर होकार

गॅरेजमधून गाडी बाहेर काढताना मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. उजवीकडे वळवलं... तरी तेच. खाली उतरून पाहिलं, तर नवं टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासत होतं. आणि गाडी पुढून एवढी उचललेली की तिचं नाक आभाळाकडे. माझी साधी, पांढरी, शहाणी गाडी कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसत होती.

"भाईदासभाऊ," मी हाक मारली, "हे काय बसवलंत?"

नशिराबादजवळ हायवेला भाईदासभाऊंचं गॅरेज आहे. माणूस वाईट नाही. हात पुसत पुसत आले आणि कौतुकाने चाकांकडे बघत म्हणाले, "काबर ताई? मस्त दिखी राहनी ना गाडी. आते सातपुड्यामा कुठेबी घाला."

"मी चौदाच्या जागी पंधरा नंबरचे रिम सांगितले होते. पुढचे-मागचे स्प्रिंग सारखे थोडे उचला म्हटलं होतं. हे सोळाचे आहेत. आणि मागच्या स्प्रिंगना तुम्ही हात लावलेलाच दिसत नाही."

"पंधराना टायर नव्हते ताई. मी सोळाना दाखाडात. साहेबले इचारं. साहेब हो बोलनात."

"कुठले साहेब?"

भाईदासभाऊंनी मान वळवून दाखवलं. टायरच्या ढिगावर एक माणूस बसला होता. चेक्सचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मांडीवर कागदात शेंगदाणे. आमच्याकडे बघत होता, आणि शेंगदाणा तोंडाजवळ नेऊन थांबला होता.

मी त्या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी पशुवैद्यकीय डॉक्टर आहे. माहेर म्हणा, घर म्हणा, धुळ्याला. नोकरी यावलच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत. तिथल्या रस्त्यांवर माझ्या गाडीचं पोट दर आठवड्याला दगडावर आपटतं. एकदा ऑइलचा चेंबर फुटला आणि भर उन्हात मी बैलगाडीतून परत आले. म्हणून मोठी चाकं. महिनाभर विचार करून, आकार ठरवून, सगळं नीट सांगून मी गाडी लावली होती, आणि औषधं घ्यायला तासभर जळगावात काय गेले...

"तुम्ही माझ्या गाडीबद्दल हो म्हणालात?" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

तो उठला. उंच होता. उठल्यावर मला मान वर करावी लागली, त्याचाही राग आला.

"त्यांनी विचारलं, हे टायर चांगलं दिसेल ना... मी म्हटलं, हो."

"का?"

"टायर चांगलं दिसत होतं."

"गाडी कुणाची हे विचारलंत?"

"नाही. मला वाटलं, ते नुसतं मत विचारतायत." शेंगदाणा परत कागदात टाकत तो म्हणाला, "मी सहसा हो म्हणतो. सवय आहे."

"साहेब, तुमच्या ह्या सवयीमुळे माझं चाक वळत नाहीये."

"मी तुमना मालक समजनू ना यासले," भाईदासभाऊ मागून म्हणाले. "दोन्ही जण एकाच टायमाले उनात."

मालक. म्हणजे नवरा. मी मागे वळून असं पाहिलं की भाईदासभाऊ जॅक शोधायला आत निघून गेले.

"जुनी चाकं परत बसवा," मी मोठ्याने म्हटलं.

आतून आवाज आला, "ती तर गयी ताई. गिऱ्हाइक लई गया."

पंधराचे टायर धुळ्याहून यायला चार-पाच दिवस. उद्यापासून गावागावांत लाळ्या-खुरकुताचं लसीकरण. लस बर्फाच्या डब्यात, माणसं निरोप मिळून तयार, जनावरं दावणीला. आणि माझ्याकडे एक गाडी जी फक्त सरळ जाऊ शकते.

"माझी जीप आहे," तो माणूस हळू म्हणाला. "मी केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये काम करतो. आमची रोपं लावलेले मळे यावलकडेच आहेत, मला रोज त्या बाजूला जायचंच असतं. तुम्हाला सोडत जाईन. चूक माझी आहे."

"गरज नाही."

"बरं."

मी बसस्टँडच्या वेळा आठवल्या. बर्फाचा डबा आठवला. वड्रीच्या पुढे एसटी जातच नाही, हेही आठवलं.

"किती वाजता निघता?" मी विचारलं. "आणि नाव काय तुमचं?"

"समाधान."

मला हसू यायला नको होतं. पण एवढ्या संतापात कुणी समोर उभं राहून आपलं नाव समाधान आहे असं सांगितलं तर माणसाने करायचं काय?

"माझं झालेलं नाही," मी म्हटलं.

"दिसतंय ते," तो म्हणाला. आणि शेंगदाण्याचा कागद माझ्यापुढे धरला.

मी घेतले नाहीत. त्या दिवशी तरी नाही.

---

पहिल्या दिवशी मी जीपमध्ये बसल्यापासून बोलत होते. बाई गाडी घेऊन आली की लोक तिच्याशी कसे बोलतात, पंक्चरवाला कसा विचारतो, 'साहेब कुठे आहेत', पेट्रोलपंपावर हवा भरणारा कसा काचेतून वाकून मागच्या सीटवर कुणी पुरुष आहे का बघतो. समाधान गाडी चालवत होता आणि ऐकत होता. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, थंडीतलं कोवळं ऊन, आणि त्याचा एका अक्षराचा हुंकार.

"तुम्हाला काहीच बोलायचं नाही?" मी शेवटी विचारलं.

"बोलायचंय. पण तुमचं झालं नाही अजून."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ... कारण ओठ आवरेनात.

गावात गेल्यावर व्हायचं तेच झालं. लोक त्याच्याभोवती जमले. खाज्या नावाचा पावरा शेतकरी आपली गाभण गाय घेऊन आला आणि थेट त्याला म्हणाला, "साहेब, हिला सुई टोचली तर चालंल का?"

मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. आता हा म्हणणार, हो.

"मला गायीतलं काही कळत नाही," समाधान म्हणाला. "डॉक्टर ह्या आहेत. मी डबा उचलायला आलोय."

आणि खरंच डबा उचलून चालू लागला.

त्यानंतरच्या दिवसांत तो जनावरांची मुंडकी धरायला शिकला. एका गोऱ्ह्याने त्याच्या पायावर पाय दिला, तर त्याने गोऱ्ह्यालाच 'राहू दे, राहू दे' म्हटलं. काम संपलं की मी हात पुढे करायचे आणि तो तांब्याने पाणी घालायचा. घाई नाही, सांडलवंड नाही, बारीक धार. पाणी संपलं तरी माझे हात तसेच पुढे असायचे थोडा वेळ, आणि त्याचा तांब्याही.

परतताना तो आपल्या लॅबबद्दल सांगायचा. काचेच्या बाटलीत, जेलीवर उभी असलेली बोटभर केळी. "त्यांना वारा माहीत नसतो," तो म्हणाला. "बाहेर काढली की आधी सावलीत ठेवावी लागतात. एकदम उन्हात नेली तर मान टाकतात."

"तुमच्यासारखी," मी म्हटलं.

"मी मान टाकत नाही. मी मान डोलावतो."

खरंच डोलवायचा. चुलतभावाने टेम्पोसाठी सही मागितली, हो. मंडळाने वर्गणी गोळा करायला सांगितली, हो. मुक्ताईनगरला त्याचं घर, घरात नाना म्हणजे मोठे काका कर्ते. नाना म्हणतील त्याला सगळे हो. वडील लवकर गेले, नानांनी शिकवलं... नाही म्हणायचं कसं?

"तोंडाने," मी म्हटलं. "ते तोंडानेच म्हणतात."

तो माझ्याकडे पाहून हसला, आणि रस्त्यातला खड्डा त्याला दिसला नाही. जीप उडाली. माझा खांदा त्याच्या खांद्यावर आदळला. आम्ही दोघंही एकदमच सॉरी म्हणालो.

---

टायर आले. माझ्या गाडीला जॅकवर चढवलेलं बघायला मी स्वतः उभी राहिले. या वेळी तासभर कुठे जाणार नव्हते.

पंधराचे रिम बसले. मागच्या स्प्रिंगखाली भाईदासभाऊंनी जाड रबरी चकत्या घातल्या, पुढचं उचललेलं थोडं उतरवलं. समाधान सुटी टाकून आला होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

"भाऊ," भाईदासभाऊंनी सवयीने त्यालाच विचारलं, "अजून खाली लेऊ का पुढून?"

"गाडी त्यांची आहे," समाधान म्हणाला.

मी स्टिअरिंगवर बसले. तो चाकाशेजारी जमिनीवर आडवा झाला, मोबाइलचा दिवा लावून आत डोकावू लागला. मी चाक पूर्ण वळवलं.

"घासतंय का?"

"नाही. बोट जातंय मधून."

"एक की दोन?"

"दोन... माझी दोन. तुमची तीन जातील."

"माझी बोटं मोजून ठेवलीत वाटतं."

खाली मोबाइलचा दिवा हलला. "रोज पाणी घालत होतो," तो म्हणाला.

मी वरून पाहिलं नाही, आणि तो खालून उठला नाही. भाईदासभाऊंना एकाएकी अलाइनमेंटच्या मशीनकडे काम निघालं.

अलाइनमेंट झालं, हेडलाइट वर-खाली करून नीट लावले. गाडी आता सारखी उभी होती, चारही पायांवर, जमिनीपासून छान वर. मी तिच्या बॉनेटवर हात फिरवत होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो नाना... हो... रविवारी? हो. चाळीसगावच्या मंडळींना सांगा, हो."

त्याने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"रविवारी काय आहे?"

"साखरपुडा."

"कुणाचा?"

त्याने शर्टावरची धूळ झटकली.

"समाधान, कुणाचा?"

"माझा. दिवाळीत नाना घेऊन गेले होते मुलगी बघायला. मी हो म्हणालो. तेव्हा तुम्ही..." त्याने हात हवेत हलवला. "तेव्हा माझी आणि तुमची ओळख नव्हती."

"आणि आत्ता? आत्ता फोनवर जे हो हो हो चाललं होतं, तेव्हा माझी ओळख होती ना?"

"तोंडातून निघून गेलं."

मला वाटलं होतं की मी रडेन. पण माझ्या अंगात रडण्याआधी संताप येतो, लहानपणापासून.

"त्या मुलीचं नाव तरी माहीत आहे?"

"किरण. तिने चहा आणला होता."

"तिला विचारलं होतं कुणी, तुम्ही पसंत आहात का? तुम्ही स्वतः तिच्याशी एक वाक्य बोललात?" माझा आवाज चढला. पलीकडच्या ट्रकवाल्याने मान काढून पाहिलं. "ती तिकडे साडी निवडत असेल. आणि तुम्ही इकडे जमिनीवर लोळून माझी बोटं मोजताय. दोघींना परस्पर होकार. माझं सोडा, मी ओरडून मोकळी होईन. तिने काय करायचं?"

"मी काय करू, सांगा तुम्ही," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करतो."

हे ऐकून तर डोकंच फिरलं.

"म्हणजे नानांच्या जागी मी? मला नकोय असला माणूस, मी सांगेन ते करणारा. जनावरंसुद्धा नको असलं की लाथ मारतात."

मी गाडीत बसले. पूर्ण वळण घेऊन हायवेला लागले. कुठे काही घासलं नाही. पुढे कच्च्या रस्त्याला ज्या दगडावर दर वेळी पोट आपटायचं, त्यावरून गाडी अलगद निघून गेली, आणि मला त्याचाही राग आला. निदान एखादा आवाज तरी यायचा होता...

---

त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. रविवारी मी धुळ्याला घरी होते. आईने भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती, आणि मी भरीत ताटात नुसतं इकडून तिकडे सारत होते. आबांनी विचारलं, "काय गं दिपू, नव्या चाकांनी त्रास दिला का?" मी म्हटलं, "चाकं चांगली आहेत." आबांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला.

सोमवारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"डॉक्टर दिपमाला का? मी किरण बोलतेय, चाळीसगावहून."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले.

"साखरपुडा झाला नाही," ती म्हणाली. "ते शुक्रवारीच आले होते. एकटे. आमच्या ओट्यावर, माझ्या बाबांसमोर, मला म्हणाले, मी तुम्हाला न विचारता हो म्हणालो होतो, ते चुकलं. माझं मन दुसरीकडे आहे. बाबा खूप बोलले त्यांना. उभं राहून ऐकून घेतलं."

"तुम्हाला... वाईट वाटलं असेल."

"राग आला. अजून आहे. दिवाळीतच तोंड उघडलं असतं तर आमच्या घरी एवढा तमाशा झाला नसता. आता येणारा-जाणारा मलाच विचारतो, काय झालं म्हणून." तिचा आवाज थोडा उतरला. "पण खरं सांगू? मलाही पुढे शिकायचं होतं. मीही मुकाट चहा घेऊन गेलेच होते. ते गेल्यावर मी बाबांना सांगून टाकलं, दोन वर्षं आता कुणाला बोलावू नका. त्यांचं बघून माझंही तोंड उघडलं."

"माझा नंबर त्यांनी दिला?"

"छे. ते तुमचं नावसुद्धा घेईनात. मीच त्यांच्या लॅबमधल्या माणसांना विचारून विचारून काढलं. नंबर दवाखान्याच्या पाटीवरचा, ती पाटी माझ्या मावशीच्या गावात आहे. तुमच्याशी भांडावं म्हणून केला होता फोन." ती हसली, थोडंसंच. "तुमचा आवाज ऐकून राहून गेलं."

फोन ठेवला तरी मी पायरीवरच बसून होते. आता मला नेमका कुणाचा राग यावा, ते सुचेना. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला... आणि ह्या माणसाला मला एक फोन करावासा वाटला नाही. बरं झालं. सापडलं रागावायला.

---

तेवढ्यात निरोप आला. खाज्याची गाय अडली होती.

पाड्यावर पोचले तेव्हा गाय आडवी पडून कण्हत होती. खाज्याची बायको रेशमा तिच्या डोक्याशी बसली होती. मी हात साबणाने धुतले, आत घातला. वासराचं तोंड लागत होतं, एक पाय लागत होता. दुसरा पाय मागे दुमडलेला.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "पाय सरळ करावा लागेल."

असं काम सावकाश करावं लागतं. वासराला आत ढकलायचं, पायाचा खूर तळहातात झाकून घ्यायचा म्हणजे आत इजा होत नाही, आणि मग पाय पुढे ओढायचा. गाय कळ देते तेव्हा आपला हात मोडेल असं वाटतं. मी घामाने भिजले होते, गाल शेणात टेकलेला, खांद्यापर्यंत हात आत... आणि कुडाच्या दारात कुणीतरी उभं राहिलं.

"दिपमाला," समाधान म्हणाला, "दवाखान्यात विचारून आलो. मला बोलायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर परत राहील."

"माझा हात कुठे आहे ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. म्हणूनच बरंय. तुम्ही मध्ये निघून जाणार नाही."

रेशमाने तोंडाला पदर लावला. खाज्या एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

"चाळीसगावला जाऊन आलो," तो म्हणाला. "मग घरी सांगितलं. नानांना म्हणालो, नाही. ते म्हणाले, काय नाही? मी म्हटलं, साखरपुडा करायचा नाही. नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत. आई रडली. कालपर्यंत मी घरातच होतो. नाना जेवले नाहीत म्हणून मीही जेवलो नाही, पण शब्द फिरवला नाही. त्यातून बाहेर पडल्याशिवाय तुम्हाला फोन करायचा नव्हता. म्हणजे तुम्हाला वाटायला नको की तुमच्या नावावर भांडलो."

गायीने कळ दिली. मी दात आवळले. खूर माझ्या मुठीत आला. पाय पुढे ओढून मी त्याला दोरीचा फास घातला.

"तुम्ही सांगितलं म्हणून नाही केलं," तो म्हणाला. "तुम्ही तर म्हणाला होता, असला माणूस नकोय. तरी आलोय. मला तुम्ही आवडता. रागावलेल्या जास्त आवडता, पण ते नंतर सांगेन. लग्न कराल का माझ्याशी, हे मी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मनाने विचारतोय. नाही म्हणालात तरी—"

"दोरी धरा," मी म्हटलं.

"काय?"

"पाय सुटला. दोन्ही पायांना दोरी लावलीय. ती कळ देईल तेव्हा ओढायचं, खालच्या बाजूला. एरवी नुसतं धरून राहायचं. शर्ट खराब होईल."

तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. आम्ही ओढलं, थांबलो, परत ओढलं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि या वेळी कुणी सॉरी म्हणालं नाही. मग नाक आलं, कपाळ आलं, आणि एकदम सगळं वासरू आमच्या मांडीवर ओघळलं. ओलं, गरम, जड. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकात गुदगुल्या केल्या. वासराने फुर्रकन शिंक दिली.

रेशमाने वासरू गायीच्या तोंडाशी ओढलं. गाय चाटू लागली.

आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. त्याच्या शर्टाचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. माझ्या तोंडावर शेण होतं. मला एवढं बोलायचं होतं... की तीन दिवस फोन का नाही केला, की किरणला जो त्रास झाला तो कसा भरून निघणार, की नाना उद्या बोलायला लागले आणि परत काही मागितलं तर. आणि तोंडातून शब्द निघेना. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "रागावलात?"

"खूप," मी म्हटलं. आणि मला रडू आलं.

त्याचा हात माझ्यासारखाच भरलेला होता, तोच त्याने माझ्या हातावर ठेवला. खाज्या आणि रेशमा वासराकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

"धुळ्याला यायचं," मी डोळे दंडाला पुसत म्हटलं. "आबांसमोर बसायचं आणि सगळं सांगायचं. चाळीसगावचंसुद्धा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही? एक शब्दही नाही?"

"प्रयत्न करीन," मी म्हटलं. "आणि समाधान... तू मला तुम्ही म्हणणं बंद कर आता."

तो बघतच राहिला. समोर वासराने मागचे पाय ताठ केले, पुढचे टेकले, धडपडलं, आणि परत उठायला लागलं.